सगळ्यांत शेवटी कळलं

इंदिराजी गेल्या तेव्हा तुम्ही कुठे होता? पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कोणालाही विचारून बघा. कालपरवाची गोष्ट असल्यासारखं सांगायला लागतात. पुरुष म्हणतात, पानठेल्यावर होतो, ऑफिसात होतो, टॉवर चौकात दुकानांची शटरं धडाधड खाली येताना पाहिली. बायका म्हणतात, भाकरी थापत होते, पोरीची वेणी घालत होते, दिवाळीचे डबे घासत होते. यावरून आमच्या घरी चेष्टाही होते, की बायकांच्या आठवणी चुलीच्या पलीकडे जातच नाहीत.

चेष्टा करणाऱ्यांनी करावी. पण गेली काही वर्षं मी हा प्रश्न अनेकींना विचारत आले आहे. शाळेत नोकरी केली, त्यामुळे बोलायला माणसं भरपूर मिळाली. निवृत्तीनंतर इथे जठारपेठेत भिशी आहे, संध्याकाळचं फिरणं आहे. आणि माझ्या लक्षात आलेला फरक चुलीचा नाहीच. पुरुष सांगतात, मला कसं कळलं. बायका सांगतात, मला कोणी सांगितलं आणि किती वाजता. 'हे घरी आले तेव्हा कळलं', 'मामंजींनी रात्री सांगितलं', 'दीर कुजबुजत होते, दारामागून ऐकलं'. बघा तुम्हीही विचारून. बातमी दाराबाहेर येऊन थांबलेली असते, आणि आत सोडायची की नाही हे दुसराच कोणीतरी ठरवत असतो.

माझंच सांगते. ३१ ऑक्टोबर १९८४, बुधवार. दिवाळी होऊन आठवडाच झालेला. दोन्ही नणंदा माहेरपणाला आलेल्या, म्हणजे मी नवी सून स्वयंपाकघरात, हे ओघानं आलंच. मामंजींचा ट्रान्झिस्टर ओसरीवर. दुपारी घरातले पुरुष नेहमीपेक्षा लवकर घरी आले, पानावर बसले, आणि कोणी अक्षर बोलेना. वांग्याची भाजी होती. कोणी परत मागितली नाही. माझ्या पोटात गोळा. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं, मला वाटलं मीठ जास्त पडलं. सासूबाईंनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी बोटानं भाजी चाखून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, की ठीक आहे. मग यांना झालं काय?

संध्याकाळी सहाच्या सुमाराला आकाशवाणीनं सांगितलं की इंदिराजी गेल्या. ओसरीवरचा आवाज आत आला, म्हणून आम्हाला कळलं. गोळ्या लागल्या होत्या सकाळी सव्वानऊ-साडेनऊला. बीबीसीनं दुपारीच सांगून टाकलं होतं आणि आमच्या ओसरीवर बीबीसी लागत असे. सासूबाई एरवी मामंजींपुढे फार बोलायच्या नाहीत. त्या दिवशी पदर खोचून ओसरीवर गेल्या. "तुमाले दुपारीच मालूम होतं, अन् मले दिवेलागणीले? मी काय लहान पोरगी हाय?" मामंजी म्हणाले, घरात लेकीसुना, घाबरल्या असत्या. सासूबाई म्हणाल्या, "बाई मेली. बाईचीच बातमी बायांले नाई सांगाची?"

याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. त्या दिवशी सरकारनं सगळ्या देशाला जे केलं तेच आमच्या घरात आम्हाला झालं. लोक भडकतील, घाबरतील, म्हणून बातमी धरून ठेवली. राजीव गांधी तेव्हा बंगालच्या दौऱ्यावर होते, आणि आईची खबर घ्यायला त्यांनाही बीबीसी ऐकावी लागली, असं सांगतात. धरून ठेवून टळलं काय? दिल्लीत पुढच्या तीन-चार दिवसांत सरकारी आकड्यानुसारच अडीच हजारांहून जास्त शीख मारले गेले. न सांगितल्यानं शांतता राहते, हे मला तेव्हापासून पटलेलं नाही. देशातही नाही आणि घरातही नाही.

आमच्या फिरण्याच्या गटात एक आजी होत्या. आता नाहीत. माहेर नागपूरचं. ३० जानेवारी १९४८ला त्या बारा वर्षांच्या होत्या. तेव्हा नागपूरला आकाशवाणी केंद्रसुद्धा नव्हतं, ते त्याच वर्षी जुलैत सुरू झालं. रेडिओ असलाच तर वाड्यात एखादा, दिल्ली-मुंबई खरखरत लागणारा. त्या सांगायच्या, संध्याकाळी आई कणीक मळत होती. वडील घाईघाईनं आत आले, दिवे मालवले, बायकामुलांना मागच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. कणकेची परात तशीच राहिली, दुसऱ्या दिवशी तिला आंबूस वास येत होता. गांधीजींना मारलं, एवढं आईला दारातूनच सांगितलं. मारणारा कोण, हे सांगितलं नाही. मारणारा ब्राह्मण होता, आणि त्या दिवसांत महाराष्ट्रात ठिकठिकाणी ब्राह्मणांची घरं जाळली गेली, नागपुरातही हल्ले झाले. या मायलेकी खोलीत बसून होत्या, पण आपण कोणापासून आणि कशासाठी लपलोय, हे त्यांना तिसऱ्या दिवशी मोलकरणीकडून कळलं! आजी म्हणायच्या, "भीती आगीची नव्हती गं. भीती ही होती की बाबांना काहीतरी माहीत आहे आणि आईला नाही."

याच्या अगदी उलट गोष्ट मला माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या आईनं सांगितली. त्या अकोट फैलातल्या. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्या गर्दीत या नवऱ्याबरोबर होत्या. दीक्षेसाठी पांढरं लुगडं हवं म्हणून उसने पैसे करून घेतलेलं. तिथून परत आल्या, लुगडं धुऊन पेटीत ठेवलं. ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेल्याची खबर वस्तीत आली. "मी जवारी दळत होती. कोनीतरी सायकलवर आला अन् रस्त्यावरच रडाले लागला. जातं तसंच राह्यलं. पेटीतून तेच पांढरं लुगडं काढलं अन् नेसून टेसनावर गेली." मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. अंगावर पिणारं लेकरू. गाडीत चढता आलं नाही, नवरा गेला, ही परतली. दादरच्या चौपाटीवरचा तो जनसागर तिनं पाहिला नाही. पण मी विचारलं, की तुम्हाला कोणी घरी थांब, तू बाईमाणूस, असं म्हटलं नाही का? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "कोन म्हननार? बाबा माहे नव्हते का?"

त्यानंतर बरोबर १४ दिवसांनी, २० डिसेंबरला, आपल्या अमरावतीजवळ वलगावला गाडगेबाबा गेले. वऱ्हाडातल्या किती म्हाताऱ्या बायकांनी त्या डिसेंबरची आठवण मला 'दोन बाप गेले' या शब्दांत सांगितली आहे! या दोन्ही मरणांच्या बातम्या वस्तीवस्तीत उघड्या रस्त्यावर आल्या. त्या बायकांपासून लपवायचं कोणाच्या डोक्यात आलं नसावं, कारण लपवायला ओसरी आणि माजघर अशी घरंच नव्हती. लपवाछपवी हीदेखील ज्यांच्याकडे चार खोल्या आहेत त्यांची चैन असावी, असं मला कधीकधी वाटतं.

देशाच्या बातम्यांचं राहू द्या. आपल्या स्वतःच्या माणसाची बातमी बाईला कशी कळते? माझ्या पिढीच्या बायकांना 'सीरियस' या शब्दाचा अर्थ सांगायला नको. तार यायची, वडील सीरियस, ताबडतोब निघा. तार वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायचं की वडील गेले. पोस्टमनला ठाऊक, शेजाऱ्याला ठाऊक, तार उलगडणाऱ्या नवऱ्याला ठाऊक. जिचे वडील ते, तिला फक्त सांगायचं, 'जरा बरं नाही, भेटून येऊ.' २०१३च्या जुलैत तार बंद झाली. पद्धत बंद झाली नाही.

१९९२च्या फेब्रुवारीत माझे वडील गेले. दर्यापूरला. शेजारच्यांकडे फोन आला, तो घरातल्या पुरुषांनी घेतला. मला शाळेतून बोलावून घेतलं, 'दादांना ॲडमिट केलंय, चल.' बसस्टँडवर मी एक डझन संत्री घेतली. दादांना संत्री फार आवडायची, आणि दवाखान्यात पेशंटसाठी रिकाम्या हातानं कसं जायचं? सोबत घरची दोन माणसं होती. दोघांना माहीत होतं. मी संत्र्यांचा भाव करत होते, त्यातली दोन नरम निघाली म्हणून बदलून मागत होते, आणि ते दोघं बाजूला उभे राहून बघत होते. म्हैसांगच्या पुलावरून गाडी जाताना मी बोललेसुद्धा, की दादांना आता अकोल्यालाच आणून ठेवू, इथे डॉक्टर चांगले आहेत. कोणी उत्तर दिलं नाही. दर्यापूरला घराच्या गल्लीच्या तोंडाशी गर्दी पाहिली आणि पिशवी हातातून पडली. संत्री उतारावरून घरंगळत गेली. लहान पोरं ती वेचायला धावली.

त्यांनी ते प्रेमापोटी केलं, हे मला मान्य आहे. वाटेत मी कोसळले असते तर, ही काळजी. पण मैत्रिणींनो, दोन तासांचा तो प्रवास माझा होता. दादांची मुलगी म्हणून रडायचे ते दोन तास होते. ते मला मिळाले नाहीत, त्याऐवजी संत्री मिळाली. आणि दुःख आवरणं बाईला जमणार नाही, हे ठरवतं कोण? प्रेताला आंघोळ घालताना घागरी भरून देणारी बाई. तेराव्याला शंभर पानांचं बघणारी बाई. बाळंतिणीच्या खोलीत रात्र काढणारी बाई. तिला भोवळ येईल म्हणून बातमी दडवायची! गंमतच आहे.

पुढच्याच वर्षी आमच्याकडे एक जोडपं भाड्यानं राहायचं. तिचं माहेर औसा तालुक्यातलं. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. रात्री उशिरापर्यंत विसर्जन पाहून आम्ही सगळ्या झोपलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसं गेली. सकाळी रेडिओनं लातूर-उस्मानाबादचं नाव घेतलं, तशी ती मुलगी एसटीडी बूथवर पळाली. फोन लागत नव्हते. नवरा दोन दिवसांनी माहिती काढून आला आणि म्हणाला, 'भिंती पडल्यात, माणसं सुखरूप आहेत.' तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "किती राहिले तेवढं सांगा." मला तिचं फार कौतुक वाटतं अजून. बावीस वर्षांची मुलगी. मी ते दोन तास कोणाला विचारू शकले नव्हते.

आता जे सांगते ते जरा वेगळं आहे, पण याच्याशीच जोडलेलं आहे. आपल्या वऱ्हाडात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक बातमी इतक्या घरांत आली की पेपरात ती आतल्या पानावर दोन ओळींत जायला लागली. शेतकऱ्याची आत्महत्या. २००६च्या जून-जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा, यवतमाळ, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३ हजार ७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याच सुमारास आम्ही काही शिक्षिका मिळून अशा घरांतल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी खेड्यांत जायचो. सांत्वनाचे शब्द संपले की बाई जे बोलायची ते जवळपास सगळीकडे सारखंच असायचं. नवरा गेल्याचं शेवटी कळलं, हे तर होतंच. गावाला आधी माहीत, सरपंचाला माहीत, पोलीस पाटलाला माहीत, आणि हिला 'वावरात चल जरा' एवढंच. पण खरा धक्का दुसराच. कर्ज किती आहे, कोणाकोणाचं आहे, सावकाराकडे काय लिहून दिलंय, हे तिला नवरा गेल्यावर कळलं. तेही दारात आलेल्या माणसांकडून.

एका बाईनं मला तिच्या घरातला भिंतीवरचा कोनाडा दाखवला. त्यात बँकेची नोटीस चार महिने घडी घालून ठेवलेली होती. ती रोज त्याच कोनाड्यात दिवा लावायची. "मले वाचता येते बाई, सातवी शिकली मी. पन त्यायनं सांगतलं, बिलाचा कागद हाय." सरकारी मदतीसाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं, त्यासाठी सातबारा लागतो, थकबाकीचा दाखला लागतो. जे कागद आयुष्यात कधी दाखवले नाहीत तेच कागद घेऊन तिला तहसीलच्या पायऱ्या चढायच्या. पिकाचा भाव, पाऊस, बोंडअळी, बँका यांवर पुष्कळ तज्ज्ञ बोलतात, त्यांनी बोलावंच. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे, की घरावर काय संकट आलंय ही बातमी त्या घरातल्या बाईला वेळेवर मिळाली असती तर त्या माणसाला रात्री एकट्याला छताकडे बघत पडावं लागलं नसतं. कर्ज फिटलं असतं असं नाही. पण ओझ्याला दोन खांदे झाले असते. बायकोला त्रास नको म्हणून लपवतो, असं म्हणणारा माणूस स्वतःलाही एकटं पाडत असतो.

बायकाही लपवतात बरं का! हे न सांगणं अन्याय होईल. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री आठ वाजता टीव्हीवर पंतप्रधान बोलले आणि पाचशे-हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद झाल्या. त्या रात्री आमच्या गल्लीत पहिल्यांदाच बातमी बायकांना आधी समजली. ऐकली सगळ्यांनी एकदमच, पण समजली बायकांना. पुरुष काळा पैसा, अतिरेकी वगैरे चर्चा करत बसले, आणि बायका स्वयंपाकघरात जाऊन डाळीचे डबे उपसायला लागल्या. तुरीच्या डाळीत, जुन्या शालूच्या घडीत, देव्हाऱ्याखाली, गव्हाच्या कोठीत. आमच्या भिशीतल्या एकीचे तर ३८ हजार निघाले. भाजीतून, दुधातून, भाऊबीजेच्या ओवाळणीतून वाचवलेले, अकरा वर्षांचे. नवऱ्याच्या हातात नोटा ठेवताना तिचे हात कापत होते आणि तो डोळे फाडून बघत होता. "अकरा वर्षं? अन् मला काहीच सांगितलं नाही?" आता कसं वाटतं, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी चूप बसले. लेकीच्या ॲडमिशनला अडचण येऊ नये म्हणून ठेवले होते तिनं. बँकेच्या रांगेत मग चार दिवस दोघं आलटूनपालटून उभी राहिली. आता पासबुकात तिचं स्वतःचं नाव आहे, आणि रक्कम नवऱ्याला माहीत आहे. भिशीत त्यावर मतभेद आहेत, निम्म्या जणी म्हणतात की तिनं घात करून घेतला!

पण बातमी अर्धी मिळाल्यावर बाईनं काय करावं, हे ज्यांच्याकडून मी शिकले त्या विनिता कामटे. २६ नोव्हेंबर २००८ची रात्र. तुम्हीही माझ्यासारख्याच टीव्हीपुढे बसलेल्या असाल. आमच्या जावेचा मुलगा मुंबईला नोकरीला, फोन लागेना, आणि पडद्यावर सीएसटीचा तो रक्तानं माखलेला प्लॅटफॉर्म. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर कामा हॉस्पिटलजवळ गेले. करकरे नागपूरला इंजिनिअरिंग शिकलेले, त्यामुळे आपल्याकडे तर घरचंच माणूस गेल्यासारखं झालं. सगळा देश 'शहीद' म्हणून हार घालत होता. अशोक कामटेंच्या पत्नीनं मात्र विचारलं, की माझा नवरा त्या गल्लीत नेमका कसा पोचला, मदत मागितल्यावर ती का आली नाही, कितव्या मिनिटाला काय झालं? माहितीच्या अधिकारात अर्ज करून त्यांनी पोलीस नियंत्रण कक्षातल्या संभाषणाच्या नोंदी मिळवल्या आणि पुस्तक लिहिलं, 'टू द लास्ट बुलेट'. हार-तुरे घेऊन गप्प बसणं सोपं होतं. तसं त्यांना सुचवणारेही असणारच, आपल्याकडे अशा वेळी सुचवणारे फार. पण त्यांना बातमी पूर्ण हवी होती. शेजारच्या घरात काय घडलं ते खोदून विचारणाऱ्या बाईला आपण चोंबडी म्हणतो. आपल्याच माणसाचं काय झालं हे खोदून विचारणाऱ्या बाईला काय म्हणायचं, ते मला सापडलेलं नाही.

आता मोबाइल आले. आता काय लपणार, असं माझी सून म्हणते. खरंच, २४ मार्च २०२०ला रात्री आठला २१ दिवसांचं लॉकडाऊन जाहीर झालं, तेव्हा बाई-पुरुष, घर-ओसरी असं काही उरलंच नव्हतं, सगळ्यांना एकाच क्षणी कळलं. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. साडेआठपर्यंत जठारपेठेतल्या किराणा दुकानांपुढे ही गर्दी, आणि त्या गर्दीत कोणाकडे सिलिंडर संपत आलाय, कोणाच्या घरी एकटे म्हातारा-म्हातारी आहेत, याची यादी आमच्या बायकांच्या ग्रुपवर नऊच्या आत तयार. वेळेवर कळलं की बायका काय करतात, ते तेव्हा दिसलं.

पण सून म्हणते ते पूर्ण खरं नाही. लपायचं ते मोबाइल असूनही लपतं. २०२१ साल आठवा. फेब्रुवारीतच अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागलं, आपल्याकडेही पेशंट वाढत गेले. आमच्या मागच्या गल्लीतलं एक जोडपं, दोघंही पॉझिटिव्ह, एकाच दवाखान्यात, मजले वेगळे. तो पाचव्या दिवशी गेला. तिला ऑक्सिजन लावलेला. डॉक्टर म्हणाले, सांगू नका, धक्का झेपणार नाही. मुलगा बिचारा तेवीस वर्षांचा, त्यानं ऐकलं. वडिलांचं सगळं एकट्यानं केलं आणि वडिलांचा मोबाइल स्वतःजवळ ठेवला. ती रोज मेसेज करायची. जेवले का. गोळ्या घेतल्या का. हळद घातलेलं दूध मिळतं का तिथे. आणि मुलगा वडिलांच्या फोनवरून उत्तर द्यायचा, 'हो, बरा आहे.' नऊ दिवस.

ती बरी होऊन घरी आली. मी तिला भेटायला गेले ते पंधरवड्यानंतर, मास्क लावून, दारातूनच. मुलगा तिथेच होता. मी काही विचारलं नव्हतं, तीच बोलली. "पोराची चूक नाही काकू. त्यानं मला वाचवलं, डॉक्टरही तेच म्हणतात. पण मी नऊ दिवस गेलेल्या माणसाला जेवलात का विचारत होते. अन् एकदा तर रागावलेसुद्धा, की उत्तर द्यायला एवढा वेळ का लावता."

मुलगा म्हणाला, "आई, तू राहिली नसतीस."

ती म्हणाली, "असेल. पण मला विचारायचं तरी होतं, की तुला ऐकायचंय का."

डॉक्टरांचं चुकलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ती आज आहे, नातवाला शाळेत सोडायला रोज माझ्या दारावरून जाते. तो फोन मात्र तिनं मुलाकडून मागून घेतला आहे. मेसेज पुसलेले नाहीत. चार्जिंगला लावून ठेवते.